सात दिवसांचं शिबिर संपतं, गावाचा प्रश्न तिथंच! कॉलेजच्या समाजसेवेच्या तासात एक विद्यार्थिनी काय शिकली?

दिवाळी झाली, पहिल्या सत्राची परीक्षा आटोपली, की ग्रामीण तालुक्यांत एक दृश्य दरवर्षी दिसतं. गावच्या शाळेत नाही तर मंदिराच्या सभामंडपात कॉलेजची पोरं-पोरी मुक्कामाला येतात. वेशीवर बॅनर लागतो. सकाळी प्रभातफेरी, मग ग्रामसफाई, दुपारी व्याख्यान, रात्री पथनाट्य. सातव्या दिवशी समारोप होतो, पाहुण्यांना शाल-नारळ दिला जातो आणि टेम्पोत गाद्या भरून सगळे परत जातात. आठव्या दिवशी गाव पूर्वी होतं तसंच असतं.

आजवर हा कार्यक्रम हौसेचा होता. ज्याला आवड तो जायचा. आता तसं राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीचा नवा आराखडा लागू झाला. त्यात समाजसेवा, समुदाय सहभाग, फील्ड प्रोजेक्ट यांना थेट क्रेडिट आहेत, म्हणजे ते मार्कशीटवर येतं. त्यामुळं यापुढे गावात येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढत जाणार. प्रश्न एवढाच, की या सेवेतून पोरांना क्रेडिट मिळेल, पण गावाला काय मिळेल?

याचं उत्तर शोधताना मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा अनुभव बोलका आहे. तिच्या इच्छेनुसार तिचं, गावाचं आणि कॉलेजचं नाव इथं दिलेलं नाही.

आधी नियम समजून घेऊ

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपल्या बोलीतलं 'एनएसएस', २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. ते गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. सुरुवात ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांपासून झाली. 'नॉट मी, बट यू' हे तिचं ब्रीद, म्हणजे आधी तुम्ही, मग मी. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एका सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहायचं, तेव्हा प्रमाणपत्र मिळतं. वर्षाच्या १२० तासांपैकी निम्म्याहून जास्त तास समाजात जाऊन करायच्या कामासाठी धरलेले आहेत. युनिटनं एखादं गाव दत्तक घ्यावं आणि तिथं सलग काम करावं, अशी मूळ कल्पना आहे.

दुसरा प्रकार नवा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२० साली उच्च शिक्षणातल्या सामाजिक जबाबदारीसाठी एक आराखडा काढला. त्यात वर्गातला अभ्यास आणि गावातलं काम असं दोन्ही आहे. ग्रामसभेला हजर राहणं, बचत गटाच्या महिलांशी बोलणं, अंगणवाडी पाहणं, रोजगार हमीच्या कामावर जाणं आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा समजून घेणं या गोष्टी त्यात लिहिलेल्या आहेत. नव्या क्रेडिटच्या हिशेबात अशा प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला सत्रात ३० तास द्यावे लागतात. म्हणजे दोन क्रेडिटला साठ तास. विद्यापीठागणिक तपशील थोडाफार बदलतो, पण गाभा हाच.

कागदावर यात खोट काढायला जागा नाही. खरी गंमत पुढं आहे.

चाळीस प्रश्नांचा फॉर्म

या विद्यार्थिनीनं हा विषय समाजसेवेच्या ओढीनं घेतला नव्हता. त्याचा तास दुपारी दोनच्या एसटीच्या आधी संपत होता, म्हणून घेतला. घरी चार एकर कोरडवाहू, आई-वडील शेतात, लहान भाऊ दहावीला. कॉलेजला यायच्या आधी पाणी भरणं आणि भाकरी टाकणं तिच्याकडंच.

पहिला महिनाभर वर्गात नेतृत्वाचे गुण शिकवले. आत्मविश्वास, वक्तृत्व, वेळेचं नियोजन, संघभावना असे मुद्दे फळ्यावर आले आणि वहीत उतरले. दोन मुलांनी स्टेजवर भाषण केलं. मग चौघा-चौघांचे गट पाडून प्रत्येक गटाला सर्वेक्षणाचे फॉर्म दिले. घरात माणसं किती, शौचालय आहे का, गॅस आहे का, शिक्षण किती, जनावरं किती, असे चाळीस प्रश्न. कॉलेजनं दत्तक घेतलेल्या गावातल्या एका गल्लीत जाऊन ते भरायचे.

तिसऱ्याच घरात एक आजी ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. फॉर्म पाहिल्यावर त्यांनी हात थांबवला.

"पोरी, मागल्या सालीबी असाच कागद भरून नेला व्हता. त्याच्या आदल्या सालीबी. त्याचं काय झालं?"

चौघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. गटातल्या एका मुलानं "आजी, ते वर पाठवतात," असं सांगून वेळ मारून नेली. आजीनं फॉर्म भरू दिला, पण शेवटी म्हणाल्या, "माझी निराधारची पगार चार महिने झाले बंद हाये. ती तुझ्या कागदात कुठं बसती का बघ."

ती बसत नव्हती. चाळीस प्रश्नांत 'तुमचं काय अडलंय?' हा प्रश्नच नव्हता.

एक प्रश्न वाढवला, तिथून काम सुरू झालं

विद्यार्थिनीनं पुढच्या तासाला हे सरांना सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. मागच्या वर्षीचे फॉर्म कपाटात गठ्ठा बांधून ठेवल्याचंही त्यांनी लपवलं नाही. अहवाल लिहिला होता, तो विद्यापीठाला गेला होता. गावात परत कुणी सांगायला गेलं नव्हतं. तसं जावं असं कुठल्याच रकान्यात विचारलेलं नव्हतं.

मग या गटानं फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं एक्केचाळिसावा प्रश्न लिहिला, "सध्या तुमचं कोणतं काम अडलंय?" आणि त्याच गल्लीत पुन्हा फिरले. उत्तरं भराभर आली. निराधार योजनेचे पैसे थांबलेत. पीक विम्याची तक्रार कुठं करायची कळत नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. अंगणवाडीच्या वाटेवर पावसाळ्यात गुडघाभर चिखल. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा सापडेना.

गटानं सगळं अंगावर घेतलं नाही, हे त्यांचं शहाणपण. नळ आणि रस्ता हे ग्रामपंचायतीचं काम, ते लिहून ठेवलं. स्वतःच्या हातात मावेल असं एकच काम निवडलं, ते म्हणजे निराधार महिलांचे अडकलेले पैसे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पात्र विधवा महिलेला महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. वाचणाऱ्याला रक्कम लहान वाटेल, पण एकट्या बाईचं तेल-मीठ आणि औषध त्यावर चालतं. पैसे आता थेट बँक खात्यात येतात, त्यामुळं खातं आधारला जोडलेलं लागतं. हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला वेळेवर द्यावा लागतो. यातलं एक राहिलं की पैसे थांबतात, आणि का थांबले हे घरी येऊन कुणी सांगत नाही.

गल्लीत अशा तीन जणी निघाल्या. तहसीलच्या संजय गांधी शाखेत जाऊन विचारलं तेव्हा प्रत्येकीचं कारण वेगळं निघालं. आजीचं खातं आधारशी जोडलेलं नव्हतं. तालुक्याच्या बँकेत दोन हेलपाटे झाले, दुसऱ्या खेपेला काम झालं. दुसरीचा उत्पन्नाचा दाखला जुना होता, तो सेतू केंद्रातून नवा काढला. तिसरीचं नाव रेशन कार्डावरच चुकलेलं, ते प्रकरण अजून अडकलेलंच आहे.

आजीचे पैसे सुरू झाले. बाकी दोघींपैकी एकीचे व्हायचेत, एकीचं सांगता येत नाही. साठ तासांत एवढंच झालं. पण त्या गावात कॉलेजच्या दत्तक गावाचा बोर्ड लागल्यापासून, कागद नेणारं माणूस उत्तर घेऊन परत आलं, असं पहिल्यांदा घडलं.

घोडं कुठं अडतं?

एका गटाला जमलं ते सगळीकडं का होत नाही? दोष एका सरांचा किंवा एका कॉलेजचा म्हणून चालणार नाही. अडचण पद्धतीतच आहे.

पहिली अडचण वेळापत्रकाची. कुणाही शेतकऱ्याला कळेल असं उदाहरण घ्या, वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटच्या नाही तर खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची आणि ओढ्याचं वाहतं पाणी अडवायचं. खर्च जवळपास शून्य, लागतात ते फक्त हात. पन्नास पोरं असली तर दोन-तीन दिवसांत बंधारा उभा राहतो, आजूबाजूच्या विहिरींना रब्बीत आधार मिळतो. पण तो बांधायची वेळ पाऊस सरता सरता, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ओढा वाहता असला तरच पाणी अडणार. शिबिरं मात्र डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा परीक्षा नसते. तोवर आपल्या भागातले बरेच ओढे कोरडे पडलेले. मग उरतं काय? झाडू.

झाडूला नावं ठेवायचं कारण नाही. गाडगेबाबा गावात पाऊल टाकल्यावर आधी झाडू हातात घेत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून जागं करत. सफाई आणि संवाद अशी ती जोडी होती. शिबिरात पहिली गोष्ट उरली आहे, दुसरीची जागा पाहुण्यांच्या भाषणानं घेतली आहे.

दुसरी अडचण मोजमापाची. क्रेडिट मिळतं ते तासांवर, हजेरीवर, अहवालावर आणि फोटोवर. आजीची पगार सुरू झाली का, याला रकाना नाही. ज्या गोष्टीला मार्क आहेत तीच पोरं करणार. त्यात त्यांची चूक काय? दहावीपासून त्यांना हेच शिकवलंय.

तिसरी अडचण शिक्षकांची. कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहणाऱ्या प्राध्यापकाला आपले नेहमीचे तास सांभाळून हे सगळं करावं लागतं. अनेक ठिकाणी जागा रिकाम्या आहेत, काही जण तासिका तत्त्वावर राबतात. त्यात वर्षभर गावाशी संपर्क ठेवा म्हणणं सोपं, करणं अवघड.

चौथी अडचण गावाची, आणि ती आपण मान्य केली पाहिजे. शिबिर येणार कळलं की सरपंच जागा देतात, जेवणाला कुणी तेल देतं, कुणी गहू देतं. पाहुणचारात गाव कमी पडत नाही. पण 'आमच्याकडं हे काम आहे, ते करा' असं लेखी देणारी गावं फार थोडी. आपण त्यांना पाहुणे समजतो, मग तेही पाहुण्यासारखेच येऊन जातात.

पुढारी आणि नेतृत्व

गावात 'नेतृत्व' म्हटलं की डोळ्यासमोर पांढरे कपडे आणि स्टेज येतं. वर्गातही तेच स्टेज शिकवलं गेलं. पण या मुलीला कामाला आलं ते वेगळंच. ऐकून घेणं. कुठलं काम आपल्याला झेपेल आणि कुठलं नाही हे ओळखणं. कचेरीत "साहेब जेवायला गेलेत" म्हटल्यावर बाहेर बसून राहणं, अर्जाची पोच मागणं, आणि काम झालं नाही तरी घरी जाऊन तसं सांगणं. शेवटचं सर्वांत अवघड. तिसऱ्या बाईच्या दारात जाऊन 'तुमचं अजून झालं नाही' हे सांगायला गटातलं कुणी तयार नव्हतं. ती गेली.

गटानं गल्लीतल्या अडलेल्या कामांची एक पानी यादी केली आणि सरपंचांच्या परवानगीनं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवली. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला तिथं मत नसतं, पण माहिती मांडायला कुणाची हरकत नव्हती. दोन-तीन जणांनी "ही कोण सांगणारी?" असा सूर लावला. ओट्यावरच्या आजींनीच त्यांना गप्प केलं. अंगणवाडीच्या वाटेवर मुरूम टाकायचा विषय ठरावात आला. मुरूम पडला की नाही, हे पावसाळ्याच्या आधी गावानंच बघायचं आहे.

हिवरे बाजारचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी तिथं नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांच्या जोडीला श्रमदान धरलं. पण ते श्रमदान गावानं ग्रामसभेत ठरवलेल्या कामासाठी होतं आणि वर्षानुवर्षं चाललं. काम काय करायचं हे गावानं ठरवलं की बाहेरून आलेल्या हातांचा उपयोग होतो. गावानं ठरवलंच नाही, तर पन्नास पोरांचे सात दिवस म्हणजे साडेतीनशे दिवसांची मजुरी वाया जाते. शेतकऱ्यानं हा हिशेब करून बघावा.

पोरी कुठं कमी पडतात? त्या पडत नाहीत

एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. सेवा करायला येणारी ही पोरं काही पुण्या-मुंबईची नसतात. शेजारच्या गावचीच असतात, कोरडवाहू शेतकऱ्यांची, मजुरांची. शिबिराच्या दिवसांत घरी कापूस वेचणीला नाही तर हरभरा खुरपायला हात कमी पडतात. ऊसतोडीला आई-बाप गेले असतील तर घरी लहान भावंडं असतात. सात दिवस बाहेर राहणं म्हणजे घरच्या रोजगाराला सात दिवसांचा खड्डा.

मुलींचं आणखी अवघड. रात्रीचा मुक्काम म्हटलं की घरातून पहिलं उत्तर 'नाही' येतं. या विद्यार्थिनीलाही वडिलांनी मुक्कामाला पाठवलं नाही. ती रोज सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळी परत जायची. महिला प्राध्यापक मुक्कामी आहेत का, झोपायची जागा आणि स्वच्छतागृह कसं आहे, हे कॉलेजनं आधी पालकांना बोलावून दाखवलं, तर बरीच 'नाही' 'हो' होतील. पालकांनीही एकदा येऊन बघायला काय हरकत आहे? उद्या गावची सरपंच हीच पोरगी होणार आहे. पंचायतीत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. बसणारी बाई आणि सही दुसऱ्याची, हे चित्र बदलायचं तर तिला कचेरीची पायरी वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच चढू द्या.

गावानं काय करावं?

शासन नियम बदलेल तेव्हा बदलेल. गावाच्या हातात आजही बरंच आहे.

१. आपलं गाव कुठल्या कॉलेजनं दत्तक घेतलंय, हे ग्रामसेवकाला विचारा. बोर्ड असेल तर त्यावर कार्यक्रम अधिकाऱ्याचं नाव असतं. नसेल तर प्राचार्यांना पत्र द्या.

२. कामांची यादी ग्रामसभेत करा. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, १५ ऑगस्टची त्यासाठी सोयीची. महिलांची कामं त्याआधीच्या महिला सभेत काढून घ्या.

३. हंगामाचं काम हंगामात मागा. वनराई बंधारा हवा असेल तर सात दिवसांचं शिबिर नको, ऑक्टोबरमधले दोन रविवार मागा. वर्षाच्या १२० तासांत ते बसतं.

४. सर्वेक्षणाचा फॉर्म भरून देताना एक अट घाला, त्याचा निकाल पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवायची.

५. पोरांना कागदाचं काम द्या. निराधार, हयातीचे दाखले, आधार जोडणी, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामं त्यांना मोबाईलवर पटकन जमतात, आणि गावात त्यांचीच वानवा आहे. मात्र कुणाचा ओटीपी किंवा पासबुकाचा फोटो पोरांच्या मोबाईलमध्ये राहणार नाही, याची काळजी दोघांनी घ्यावी.

कॉलेजांसाठी एकच सूचना पुरे. अहवालात एक रकाना वाढवा, 'मागच्या वर्षी घेतलेल्या कामाचं पुढं काय झालं?' तो भरायचा म्हटलं की परत त्या गल्लीत जावंच लागेल.

या विद्यार्थिनीला विषयात चांगले मार्क पडले. अहवालात निराधार महिलांचं काम दोन ओळींत आलं, बाकी पानं प्रभातफेरी आणि उद्घाटनाच्या फोटोंची. आता ती तिसऱ्या वर्षाला जाईल आणि त्या गल्लीत नवा गट येईल, नवे फॉर्म घेऊन. तिसऱ्या बाईचं रेशन कार्ड दुरुस्त झालं का, हे त्या गटाला कोण सांगणार? जुन्या गटानं आपली एक पानी यादी ग्रामपंचायतीत ठेवली आहे. नवी पोरं वेशीत आली, की ती यादी त्यांच्या हातात द्यायचं काम आता गावाचं.